पत्रकातून मी कापलेल्या दोन ओळी

“ही मूळव्याध नाही,” डॉक्टर म्हणाले. हातमोजा काढून त्यांनी डब्यात टाकला, हात धुतले, खुर्चीवर बसले आणि मग विचारलं, “वय किती तुमचं?”

“एकोणतीस.”

“घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता?”

“नाही,” मी म्हणाले. ठासून म्हणाले. मला सगळंच ठासून म्हणायची सवय होती.

ही तपासणी एका मिनिटाची होती. बोट घालून आत गाठ लागते का बघायचं, एवढंच. आठ महिने मी तीन ठिकाणी दाखवलं आणि तिन्ही ठिकाणी हे एक मिनिट कुणाकडे नव्हतं. नागपूरच्या या डॉक्टरांकडे होतं. चार दिवसांनी कोलोनोस्कोपी झाली. म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचीक नळी घालून मोठं आतडं आतून बघतात. त्याच वेळी बायोप्सी घेतली, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं. गुदाशयाचा कॅन्सर.

जैनथ, नार्नूर, उटनूर, आदिलाबाद इकडच्या माणसांसाठी मी हे लिहिते. विशेषतः वीस ते चाळीस वयाच्या, ज्यांना वाटतं की हा म्हाताऱ्यांचा रोग. तुमची समजूत घालायला लिहीत नाही. समजूत घालणारे पुष्कळ भेटतील, घरी केळी घेऊन येतील.

सुरुवात रक्ताने झाली. मी तेव्हा नार्नूर मंडलात होते. आमच्या संघटनेचं काम म्हणजे गावोगाव बैठका घ्यायच्या, पत्रकं वाटायची, बुवाबाजीविरुद्ध, दारूविरुद्ध, आरोग्यावर बोलायचं. जीपमध्ये भोंगा आणि मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. एके सकाळी शौचाला लाल दिसलं. मी म्हटलं, मिरची. आठवड्याने पुन्हा दिसलं. मी म्हटलं, मूळव्याध. आपल्याकडे कमरेखालच्या रक्ताला दुसरं नावच नाही.

बाजारात एक मूळव्याधवाला बसतो. त्याने मला न तपासता, नाडी धरून सांगितलं की उष्णता आहे. ताक प्या, बसणं कमी करा, ही पूड गुळात घ्या. भोंदूंविरुद्ध पंचवीस गावांत बोललेली मी, ती पूड दीड महिना गुळात घेत होते.

मग आदिलाबादच्या एका डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, पाळी नीट येते का. मी म्हटलं, रक्त पाळीचं नाही. त्यांनी विचारलं, लग्न झालं का. मी म्हटलं, नाही. “मग करून टाका,” त्या म्हणाल्या आणि लोहाच्या गोळ्या लिहिल्या, कारण माझं हिमोग्लोबिन पार उतरलं होतं. रक्त कुठे जातंय ते बघायचं नाही, वरून भरत राहायचं. त्या गोळ्यांनी शौच काळं होतं. जे लाल दिसत होतं तेही आता मला दिसेना. मला वाटलं, बरं वाटतंय.

तिसरे एक मोठ्या बोर्डाचे डॉक्टर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, या वयात काही वाईट नसतं. या एका वाक्यावर त्यांचा दवाखाना चालतो.

तोवर शौच बारीक, चपटं व्हायला लागलं होतं. जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटायचं. चिकट आव पडायची. परकर सैल झाला. जीपमधून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. यातलं एकेक घेतलं तर कुणालाही होतं. सगळी एकत्र आली आणि दोन-तीन आठवड्यांच्या वर टिकली, तर वय सांगू नका, तपासायला सांगा. डॉक्टर टाळत असेल तर डॉक्टर बदला.

ऑपरेशन झालं. गाठीसकट आतड्याचा तुकडा काढला आणि टोकं जोडली. जोड भरेपर्यंत त्यावरून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढलं. याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी लावतात, मळ तिच्यात पडतो. माझी पिशवी काही महिन्यांची होती. काहींची जन्माची असते.

माझ्यासोबत आत्या होती. माझी आई मिलिंदच्या बाळंतपणात गेली. मिलिंद माझा धाकटा भाऊ. मी अकरा वर्षांची असताना बाबा गेले. ते पैनगंगेकाठच्या आमच्या गावात मराठी शाळेचे मास्तर होते. आत्या त्यांची थोरली बहीण. तिनेच आम्हा दोघांना वाढवलं. तिला अक्षर येत नाही. म्हणूनच आमच्या संघटनेचं प्रत्येक पत्रक छापखान्यात देण्याआधी मी तिला वाचून दाखवत असे. तिला कळलं तर गावाला कळेल, हा माझा हिशेब.

तिसऱ्या दिवशी नर्स पिशवी बदलायला शिकवायला आली. ती आत्याला म्हणाली, “मावशी, नीट बघा हं, पहिल्यांदा जमत नाही.”

आत्याने ऐकलं नाही. तिने कोमट पाण्यात कापूस बुडवला, जुनी पिशवी वरून खाली अशी सावकाश सोडवली, कातडी टिपून कोरडी केली, भोकाचं माप बोटाने घेतलं. साबणाची वडी नर्सने पुढे केली तर ती बाजूला सारली. “साबन नाई लावाचा तिथं, आग होते,” ती म्हणाली.

नर्स हसली. “मावशी, आधी कुणाचं केलं का?”

आत्याचे हात थांबले. तिने नर्सकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

आणि मला वास आठवला. मागच्या खोलीतला. बाबांच्या धोतराखाली एक पट्टा असायचा, त्याला रबराची पिशवी. आम्हाला सांगितलं होतं, बाबाला हर्निया आहे, त्या खोलीत जायचं नाही.

“आत्या,” मी म्हटलं, “बाबाला काय होतं?”

“काऊन विचारून राह्यली आता?”

“काय होतं?”

“हेच होतं,” ती म्हणाली. “गाठ. इथंच, नागपुरात, कापली होती. दोन वर्स जगला.”

“आणि आम्हाला हर्निया सांगितलं?”

“तुमाले काय, साऱ्या गावाले तेच सांगतलं. तू पोरगी. मिलिंद पोरगा. उद्या तुमाले सोयरीक कोन देईन? मनतीन, यायच्या घरी आतडं सडते.”

मी त्या खाटेवर पडून तिच्यावर ओरडले. एवढी वर्षं मला का नाही सांगितलं, मी गावोगाव आरोग्याचं बोलत फिरते आणि माझ्याच घरात. टाके दुखेपर्यंत ओरडले. ती पिशवीची घडी घालत होती.

“तू वाचून दाखवलं होतं ना ते कॅन्सरचं पत्रक,” ती म्हणाली. “त्यात बापाचं लेकराले होते असं काई नव्हतं. असतं त मी नसतं सांगतलं?”

आता ते पत्रक. मूळ पत्रक तेलुगूत होतं, चार पानी. मराठी गावांसाठी मी त्याचं एका पानात मराठी केलं. आतड्याच्या कॅन्सरवर मूळ मजकुरात दोन ओळी होत्या. एक, हा रोग तरुणांनाही होतो. दोन, आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला झाला असेल तर ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून बाकीच्यांनी तपासून घ्यावं. मी भाषांतर करून दिलं होतं. छापखान्यातून निरोप आला, पान भरलं, खाली पदाधिकाऱ्यांची नावं बसत नाहीत. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहसचिव, संघटक, मार्गदर्शक, अकरा नावं. त्यातल्या दहांनी त्या पत्रकासाठी एक कागदसुद्धा उचलला नव्हता. मी दोन ओळी कापल्या. नावं बसली. नववं नाव माझं होतं.

बाबांना हा रोग अडतिसाव्या वर्षी झाला. दुसरी ओळ छापली असती तर मी ती आत्याला वाचून दाखवली असती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुढचं तुम्ही समजा. मी तर रोज समजते.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “वडिलांचे कागद आहेत?” कागद नव्हते. बाबा गेल्यावर आम्ही तेरवी केली नाही. आम्ही बौद्ध, कर्मकांड मानत नाही, याचा आमच्या घराला अभिमान. पण दुखण्याचे कागद घरात राहिले तर दुखणंही राहतं, हे मात्र आमची वस्ती गुपचूप मानत होती. आत्याने बाबांची फाईल त्यांच्या वाकळीत गुंडाळली आणि मला सोबत घेऊन पैनगंगेत सोडली. वाकळ लगेच बुडेना म्हणून मी काठीने ढकलली होती. हेही मला त्या खाटेवरच आठवलं.

“बरं,” डॉक्टर म्हणाले, “भाऊ किती वर्षांचा?”

“सव्वीस.”

“वडील अडतीस, तुम्ही एकोणतीस. त्याची कोलोनोस्कोपी आजच व्हायला हवी.” मग त्यांनी समजावलं. या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा पॉलिपने होते. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला मांसाचा मोड. दुखत नाही, कळत नाही. त्यातला एखादा काही वर्षांत कॅन्सर होतो. मोड असतानाच काढला तर कॅन्सर व्हायचा टळतो. “म्हणून त्रास नसतानाच बघायचं,” ते म्हणाले. “त्रास सुरू झाल्यावर आम्ही फक्त पाठलाग करतो.”

मी त्यांना बाकीची कारणंही विचारली, कारण गावात माझ्या आजाराची कारणं आधीच ठरली होती. हॉटेलचं खाते. परपुरुषांसोबत जीपमध्ये फिरते. लग्न नाही केलं. शेजारच्या वहिनींनी तर मोबाइलचं नाव घेतलं, आणि माझ्याकडे मोबाइल नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: तंबाखू, दारू, पोटावरची चरबी, दिवसभर बसून काम, तांबडं मांस आणि डबाबंद मांस फार खाणं, भाजी-कोंडा कमी, साखरेचा आजार, आतड्याला वर्षानुवर्षं राहिलेली सूज, आणि घरातली लागण. म्हणजे रक्तातून आलेली, शिवल्याने होणारी नव्हे. यातलं एखादं असलं म्हणून रोग होईलच असं नाही, एकही नसलं म्हणून सुटका नाही. अविवाहित असणं त्यांच्या यादीत नव्हतं. मी दोनदा विचारलं.

मिलिंद जैनथच्या एमआरओ कचेरीत, म्हणजे तुमच्या तहसील कचेरीत, कारकून. दिवसभर पहाणीच्या, म्हणजे सातबाऱ्यासारख्या, नोंदी काढत खुर्चीवर बसलेला, गालात गुटखा. हॉस्पिटलसमोरच्या एसटीडी बूथवरून मी त्याला कचेरीत फोन लावला.

“ताई, मले काई होऊन नाई राह्यलं,” तो म्हणाला.

“मलेबी आधी काई नव्हतं होत.”

“कुठून घालतेत ती नळी?”

मी सांगितलं. पलीकडे त्याचा आवाज एकदम खाली आला.

“हे कचेरीत कळलं त रिटायर होयेपर्यंत मले नळीवाला मनतीन. आन बारा दिवसांवर साक्षगंध आहे. तुले मालूम आहे ना?”

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मुलगी प्रज्ञा, उटनूरकडची, बालवाडीत शिकवणारी. तिचे वडील निवृत्त पोस्टमास्तर. आत्याने वर्षभर पायपीट करून जमवलेली सोयरीक.

“साक्षगंध होऊ दे,” आत्या म्हणाली. “मंग करू तपासनी.”

“मग म्हणशील लग्न होऊ दे.”

ती म्हणणारच होती.

मी घरी आले. किमोथेरपी सुरू व्हायची होती. म्हणजे उरल्यासुरल्या पेशी मारायला शिरेतून औषध देतात, दर काही दिवसांनी, सहा महिने. तोंड येतं, अन्न कडू लागतं, हातापायांची कातडी सोलते. ते मी सहन करीन, एवढं मला माहीत होतं. भावाची गाठ मात्र सहन करायची माझी तयारी नव्हती. मी मिलिंदला स्पष्ट सांगितलं, तू आधी तपासून आला नाहीस तर साक्षगंधात उभं राहून मी सांगणार. तो म्हणाला, सांग, मग माझी बहीण मेली असं मी समजतो. मी म्हटलं, तशीही फार वेळ वाट बघावी लागणार नाही. हे बोलायला नको होतं. बोलले.

साक्षगंध दुपारी होतं. प्रज्ञाच्या घरच्या अंगणात मांडव, दोन्हीकडची चाळीसेक माणसं, त्रिसरण-पंचशील झालं. मी सैल पंजाबी ड्रेस घातला होता, आत पिशवी. खिशात लिहिलेला कागद. अंगठ्यांचं ताट आलं तेव्हा मी उठले.

“मला दोन शब्द बोलायचे आहेत,” मी म्हटलं. मिलिंदने मान खाली घातली. आमच्या बाजूचे एक काका म्हणाले, “आलं हिचं भाषण.” काहीजण हसले.

माझा हात खाली ओढला गेला. आत्या होती.

“बस तू,” ती म्हणाली. “तुले भाषन येते, बाकी तुले काई मालूम नाई. दवाखान्यात मी होती.”

ती उभी राहिली. तिला चारचौघांत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. पदर खोचला आणि सरळ पोस्टमास्तरांकडे बघून बोलली.

“भाऊ, तुमच्यापासून लपवलं, ते सांगतो. पोराचा बाप हर्नियानं नाई गेला, आतड्याच्या कॅन्सरनं गेला. ह्या पोरीलेबी तोच निंगाला. पोराच्या पोटात आहे का नाई, मालूम नाई. तपासाचं आहे. तुमाले सोयरीक मोडाची असन त मोडा, माझा राग नाई. बापाची पिशवी म्या धुतली. पोरीची धुऊन राह्यली. तिसरी नाई धुवाची मले.”

आणि बसली.

काकांना हसू आलं नाही. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, म्हणाले, “बाई, आमाले विचार करावा लागन.” लोक चुळबुळ करू लागले, कुणी चपला शोधायला उठलं. आमच्यातली माणसं क्रांतीच्या गोष्टी रात्रंदिवस करतात, चपला मात्र लगेच सापडतात.

प्रज्ञा पाटावर बसली होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मिलिंदला सरळ विचारलं, “तुमी तपासून काऊन नाई घेत?”

तो म्हणाला, “लाज वाटते.”

“मंग तपासून या,” ती म्हणाली. “अंगठी तवर इथंच राह्यते.” आणि ताटावर रुमाल झाकला.

चौथ्या दिवशी मिलिंद नागपूरला आला. बसमध्ये तो माझ्याशी बोलला नाही. तो पुढे बसला, मी आणि आत्या मागे. आदल्या दिवशी पोट साफ करायला पुडीचं पाणी प्यावं लागतं, तांब्यामागून तांबे, आणि दिवस संडासात जातो. लॉजच्या संडासातून त्याने एकदाच हाक मारली. “ताई, तूबी हे पेली होती का?”

“दोनदा.”

“मंग ठीक आहे,” तो आतून म्हणाला. एवढाच आमचा समेट.

दोन मोड निघाले. एक ज्वारीच्या दाण्याएवढा. दुसरा करंगळीच्या पेराहून मोठा. दोन्ही त्याच नळीतून तारेच्या फाशाने काढले. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. मोठा मात्र त्याच वाटेवर होता. “किती वेळ होता याच्याकडे ते मी सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण वेळ मोजणं सुरू झालं होतं.” आता त्याला ठरावीक काळाने पुन्हा नळी घालून बघावं लागेल, जन्मभर. गुटखा त्याने सोडला, असं तो सांगतो. माझा विश्वास नाही, प्रज्ञाचा आहे. लग्न झालं, हे विचारण्याआधीच सांगते. चपला शोधणारे सगळे जेवायला होते.

माझी किमो संपली, स्टोमा बंद झाला, पोटावर उजवीकडे एक चुरगळलेला व्रण उरला. मी बरी आहे की नाही हे दर तपासणीला ठरतं. लोक म्हणतात, आजार माणसाला नम्र करतो. मला केलं नाही. आता मला ज्यांचा राग येतो त्यांच्या यादीत माझं नाव वर आहे, एवढाच फरक. आणि आभार मानायचे तर त्या एका मिनिटाचे, त्या पाटावर बसलेल्या मुलीचे, आणि जिच्यावर मी खाटेवरून ओरडले तिचे.

पत्रक पुन्हा छापलं. दोन ओळी सर्वात वर आहेत, ठळक. पदाधिकाऱ्यांची नावं बसली नाहीत. अध्यक्षांनी नाराजी कळवली आहे.

मिलिंदच्या फाईलसाठी डॉक्टरांना बाबांची माहिती लिहून हवी होती. आत्या ओसरीत बसली आणि सांगत गेली, मी लिहीत गेले. आधी कोणत्या पोळ्याला दुखलं, कापलं तेव्हा गाठ केवढी सांगितली, पिशवी कोणत्या बाजूला होती, रक्त किती बाटल्या दिलं, शेवटी पाय कसे सुजले. काहीच विसरली नव्हती. नदीत आम्ही फक्त कागद सोडले होते.

दोन पानं झाली. मी म्हटलं, पुरे, एवढं चालतं.

“थांब,” ती म्हणाली. स्टॅम्प पॅड मागितलं, अंगठा काळा केला आणि दोन्ही पानांच्या खाली उमटवला. “उद्या मीच नाई मनलं तर,” ती म्हणाली, “हे दाखवजो.”